ईश्वरसिद्धीतील सर्वनामे : ॲन्सेल्म, गौनिलो आणि उदयनाचार्य

ईश्वराच्या अस्तित्वाविषयीचे युक्तिवाद आपल्या अभ्यासकाला बहुधा प्रथम भेटतात ते तत्त्वज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात, आणि तेथे ते क्रमांक घातलेल्या विधानांच्या रूपात उभे असतात. पहिले विधान व्याख्येचे, दुसरे गृहीतकाचे, शेवटचे निष्कर्षाचे. त्यांच्याखाली आक्षेप आणि त्या आक्षेपांना दिलेली उत्तरे. ही मांडणी अध्यापनाला सोयीची आहे यात शंका नाही. परंतु ज्या ग्रंथांतून हे युक्तिवाद उचलले आहेत ते ग्रंथ असे लिहिलेले नाहीत. कुणी ते प्रार्थनेच्या रूपात लिहिले, कुणी संवादाच्या, कुणी देवापुढे धरलेल्या फुलांच्या ओंजळीच्या. हा घाट म्हणजे आशयावरचे निव्वळ वेष्टन, की युक्तिवाद नेमके काय सिद्ध करतो हे ठरवण्यात त्याचाही वाटा आहे, हा प्रश्न साहित्यसमीक्षेच्या अधिकारकक्षेत येतो. तत्त्वज्ञांनी तो फारसा विचारलेला नाही. समीक्षकांनी विचारला तेव्हा अनेकदा एक सोपी पळवाट काढली : सगळेच ‘संहिता’ आहे, तेव्हा सिद्धीच्या खरेखोटेपणाचा प्रश्नच उरत नाही. प्रस्तुत लेखाचा या पळवाटेला विरोध आहे, आणि तो संहितेच्याच आधारे आहे.

ॲन्सेल्मचे ‘प्रोस्लोगिओन’ हे या दृष्टीने पाहण्याजोगे उदाहरण. ॲन्सेल्म (१०३३–११०९) हा मूळचा आओस्ताचा. नॉर्मंडीतील बेक येथील मठात तो प्रथम उपप्रमुख आणि १०७८ पासून मठाधिपती होता. पुढे १०९३ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप झाला. बेकमध्ये असताना त्याने आधी ‘मोनोलोगिओन’ हा ग्रंथ लिहिला. त्यात ईश्वराविषयीच्या युक्तिवादांची एक लांब साखळी आहे. ही साखळी त्याला जड वाटू लागली, आणि स्वतःखेरीज दुसऱ्या कशाचाही आधार लागणार नाही असा एकच युक्तिवाद सापडेल काय, या ध्यासाने त्याला पछाडले. शोध सोडून द्यावा म्हटले तरी विचार पिच्छा सोडीना, असे तो स्वतःच प्रस्तावनेत सांगतो. त्याचा शिष्य आणि चरित्रकार एडमर याने पुढची हकीकत दिली आहे. रात्रीच्या उपासनेच्या वेळी ॲन्सेल्मला ते एकदम उलगडले, त्याने ते मेणाच्या पाट्यांवर उतरवले, पाट्या हरवल्या, पुन्हा लिहिले, तर त्या जमिनीवर फुटलेल्या सापडल्या, अखेर तुकडे जुळवून मजकूर चर्मपत्रावर उतरवून घेतला. चरित्रकारांना अशा कथा आवडतात. तिच्यातील सूचकता मात्र नजरेआड करू नये : ज्या युक्तिवादाला आपण अनुभवनिरपेक्ष तर्काचा नमुना मानतो, त्याच्या जन्मकथेत रात्र आहे, उपासना आहे आणि फुटलेले मेणही आहे.

दोन्ही ग्रंथांची नावेच बोलकी आहेत. ‘मोनोलोगिओन’ म्हणजे स्वगत. ‘प्रोस्लोगिओन’ म्हणजे समोरच्याला उद्देशून केलेले भाषण, संबोधन. आधी या दुसऱ्या ग्रंथाचे नाव ‘बुद्धीचा शोध घेणारी श्रद्धा’ अशा अर्थाचे होते. ते बदलून ॲन्सेल्मने विषयाऐवजी भाषिक कृतीचे नाव ठेवले. ग्रंथाची छोटी छोटी सव्वीस प्रकरणे आहेत. पहिले प्रकरण पूर्णपणे प्रार्थना आहे : तू कोठे आहेस, मी तुला पाहिलेले नाही, तुला पाहण्यासाठी मी निर्माण झालो आणि ज्यासाठी झालो ते अजून केलेले नाही, असा त्याचा सूर. या आर्ततेच्या पाठोपाठ दुसऱ्या प्रकरणात तो प्रसिद्ध युक्तिवाद येतो.

तेथे सर्वनामांचा जो व्यवहार चालतो तो बारकाईने पाहिला पाहिजे. प्रकरण सुरू होते द्वितीय पुरुषात. ज्याहून थोर असे काही कल्पिताच येत नाही असे काहीतरी तू आहेस, अशी आमची श्रद्धा आहे, असे ॲन्सेल्म म्हणतो. लगेच स्तोत्रसंहितेतील ‘मूर्ख’ प्रवेश करतो, देव नाही असे मनात म्हणणारा. आणि तो येताच ‘तू’ वाक्यातून निघून जातो. यापुढचा सारा तर्क नपुंसकलिंगी, अनामिक ‘काहीतरी’विषयी आहे. मूर्खालाही हे शब्द ऐकल्यावर कळतात, म्हणजे ते ‘काहीतरी’ त्याच्या बुद्धीत आहे, ते केवळ बुद्धीतच असेल तर प्रत्यक्षातही असणारे त्याहून थोर ठरेल, मग ज्याहून थोर कल्पिता येत नाही त्याहून थोर कल्पिता येते असे म्हणावे लागेल, हे अशक्य. म्हणून असे ‘काहीतरी’ बुद्धीत आणि प्रत्यक्षातही आहे. दुसरे प्रकरण येथे संपते. त्याच्या निष्कर्षवाक्यात देवाचे नाव नाही, ‘तू’ही नाही. तिसऱ्या प्रकरणात तर्क आणखी एक पायरी चढतो : हे ‘काहीतरी’ असे आहे की ते नाही अशी कल्पनाही करता येत नाही. ती पायरी चढून झाल्यावर अकस्मात द्वितीय पुरुष परत येतो, आणि ते तू आहेस असे ॲन्सेल्म देवाला सांगतो.

हे वाक्य अनुमानातून निघालेले नाही. अनुमानाने दिले ते ‘काहीतरी’. ते ‘काहीतरी’ म्हणजे ‘तू’, ही ओळख संबोधनाने पटवलेली आहे. पाठ्यपुस्तकातील विधानमालिकेत ही पायरी दिसतच नाही, कारण तेथे पहिल्याच ओळीत ‘ईश्वर म्हणजे...’ असे लिहून टाकलेले असते. व्याख्येतच ईश्वर घालून शेवटी तो बाहेर काढला, हा आरोप त्या पाठ्यपुस्तकी ईश्वराला लागू पडतो. मुळातील ॲन्सेल्मला तो लागू पडत नाही. त्याच्यावरचा आरोप निराळा असायला हवा.

(मराठीत हे भाषांतरताना एक गंमत होते. मूळ लॅटिनप्रमाणेच मराठीलाही नपुंसकलिंगी ‘ते’ आणि ‘तू’ यांतील उडी जशीच्या तशी दाखवता येते. शिवाय ‘तू’ की ‘आपण’ ही निवड मराठीला करावीच लागते, आणि संतांनी ती आपल्यासाठी केव्हाच करून ठेवलेली आहे. मात्र ‘ते तू आहेस’ हे शब्द ऐकताच मराठी वाचकाला छांदोग्यातील महावाक्य आठवते, तेथे सावध राहायला हवे. तेथील ‘तू’ म्हणजे श्वेतकेतू, पित्यापुढे बसलेला शिष्य. येथील ‘तू’ खुद्द देव आहे. व्याकरण सारखे असले तरी दिशा उलटी आहे.)

या संबोधनाच्या आधारे एक टोकाचा अन्वयार्थ लावता येतो, आणि तो लावला गेलाही आहे. कार्ल बार्थने १९३१ साली ॲन्सेल्मवर लिहिलेल्या ग्रंथात म्हटले की हा युक्तिवाद श्रद्धेच्या आवारातच चालतो. ‘ज्याहून थोर’ हे सूत्र म्हणजे देवाने प्रकट केलेले नाव आहे. अश्रद्धाला काही सिद्ध करून दाखवण्याचा येथे हेतूच नाही. हा अन्वयार्थ मोहक आहे आणि समीक्षकाला विशेष मोहक, कारण तो मान्य केला की कांटचा आक्षेप, म्हणजे अस्तित्व हे वस्तूच्या संकल्पनेत भर घालणारे विधेय नव्हे हा आक्षेप, आपोआप गैरलागू होतो. तसाही कांटने १७८१ साली ज्या युक्तिवादाला ‘सत्ताशास्त्रीय’ असे नाव देऊन मोडीत काढले तो त्याच्यापुढे देकार्तकडून आलेला होता. देकार्तच्या पाचव्या चिंतनात (१६४१) देवाला उद्देशून असे काही नाही. त्रिकोण जसा तीन कोनांशिवाय संभवत नाही तसा देव अस्तित्वाशिवाय संभवत नाही, एवढाच भूमितीचा कोरडा न्याय. कांटच्या शंभर थालरांचे उदाहरण त्या कोरडेपणाला बरोबर बसते.

पण बार्थचा अन्वयार्थ संहितेपुढे टिकत नाही. चौथ्या प्रकरणाच्या अखेरीस ॲन्सेल्म देवाचे आभार मानतो, आणि कशासाठी? जे पूर्वी मी तुझ्या देणगीने मानत होतो ते आता तुझ्या प्रकाशाने असे समजलो आहे की, तू आहेस यावर विश्वास ठेवायची माझी इच्छा नसती तरी ते न समजणे मला शक्य झाले नसते. प्रार्थनेच्याच भाषेत येथे प्रार्थनेपासून स्वतंत्र होण्याचा दावा केलेला आहे. हा दावा तर्काचा आहे आणि तो तर्काच्याच कसोटीवर तपासला पाहिजे. घाटाचा हवाला देऊन त्याला ही परीक्षा माफ करणे म्हणजे लेखकाने स्वतः मागितली नाही ती सवलत त्याच्या माथी मारणे होय.

परीक्षा झालीही, आणि ती तात्काळ झाली. मार्मूतिये येथील गौनिलो नावाच्या साधूने ‘मूर्खाच्या वतीने’ अशा शीर्षकाचे टिपण लिहिले. त्यातील हरवलेल्या बेटाचा दृष्टान्त सर्वपरिचित आहे : सर्व बेटांहून श्रेष्ठ असे एक बेट समुद्रात कोठेतरी आहे, आणि श्रेष्ठ असल्यामुळे ते असलेच पाहिजे, असे कुणी म्हणाले तर म्हणणारा थट्टा करतो आहे असे मी समजेन, किंवा मानणारा अधिक मूर्ख की मनवणारा अधिक मूर्ख हे मला ठरवता येणार नाही. गौनिलो सूत्र किंचित बदलतो. ‘ज्याहून थोर कल्पिता येत नाही’ याच्या जागी त्याच्याकडून अनेकदा ‘सर्वांहून थोर’ असे येते, आणि ॲन्सेल्म ही तफावत अचूक पकडतो. बेटाच्या दृष्टान्ताचे तांत्रिक यशापयश हा चर्चेचा विषय आहेच. नॉर्मन माल्कमने १९६० मध्ये तिसऱ्या प्रकरणात एक स्वतंत्र आणि अधिक बळकट युक्तिवाद आहे असे दाखवल्यापासून आणि प्लँटिंगाने १९७४ मध्ये त्याला शक्यतेच्या तर्कशास्त्राची जोड दिल्यापासून ती चर्चा बरीच पुढे गेली आहे. आपल्याला येथे पाहायचे आहे ते ॲन्सेल्मच्या उत्तराचे पहिलेच वाक्य.

तो म्हणतो : ज्या मूर्खाविरुद्ध मी बोललो त्याने माझ्यावर आक्षेप घेतलेला नाही, त्याच्या वतीने जो बोलतो आहे तो मूर्ख नाही, तो श्रद्धावान ख्रिस्ती आहे, तेव्हा त्या श्रद्धावानाला उत्तर देणे मला पुरेसे आहे. आणि पुढे तो सूत्राच्या आकलनीयतेचा सर्वांत बळकट पुरावा म्हणून गौनिलोच्याच श्रद्धेचा आणि सदसद्विवेकाचा दाखला देतो. वकिलाने मांडलेली बाजू बाजूला सारून न्यायाधीशाने वकिलालाच त्याच्या खाजगी मताबद्दल विचारावे, तसे हे झाले. मूर्खाची बाजू येथे ऐकलीच गेली नाही. चौथ्या प्रकरणात ज्या स्वातंत्र्याचा दावा होता, म्हणजे विश्वास नसलेल्यालाही हे समजेल, त्याची कसोटी मूर्खावरच लागायची होती. आणि कसोटीच्या क्षणी मूर्खाला दालनाबाहेर ठेवण्यात आले. माझ्या मते ‘प्रोस्लोगिओन’मधील खरी फट येथे आहे. विधेयाबाबतची चूक आपल्याला कांट दाखवून देतो. ही फट मात्र वाक्यांचे पुरुष पाहिल्याशिवाय दिसत नाही. या ग्रंथात ज्याच्या अस्तित्वाचा प्रश्न आहे त्याला ‘तू’ म्हटले जाते, आणि ज्याच्या अस्तित्वाबद्दल कुणालाच शंका नाही त्या माणसाला अखेरपर्यंत ‘तो’.

ॲन्सेल्मच्या बाजूने एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. गौनिलोचे टिपण आणि आपले उत्तर ही दोन्ही यापुढे ग्रंथाला जोडूनच नकलली जावीत, अशी इच्छा त्याने व्यक्त केल्याचे एडमर सांगतो. स्वतःच्या प्रार्थनेच्या शेवटी प्रतिपक्षाचे भाषण कायमचे बांधून ठेवणारे लेखक फार नाहीत.

हीच सर्वनामांची कसोटी घेऊन आपल्याकडील एका ग्रंथाकडे वळले की चित्र काहीसे पालटते. उदयनाचार्यांची ‘न्यायकुसुमांजलि’ ही ॲन्सेल्मच्या थोडी आधीची, दहाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराची, मिथिलेतील रचना. दोघांचा एकमेकांशी कसलाही संबंध नाही, हे सांगायलाच नको; तुलनेचे प्रयोजन प्रभाव दाखवण्याचे नाही. साम्य आहे ते घाटाचे. हा ग्रंथही तर्काचा आहे आणि पूजेचाही. नावातच ओंजळभर फुले आहेत. प्रकरणांना ‘स्तबक’, म्हणजे गुच्छ, म्हटले आहे आणि असे पाच गुच्छ आहेत. आरंभीच उदयन विचारतात की, ज्याला औपनिषदांपासून चार्वाकांपर्यंत सगळे कोणत्या ना कोणत्या रूपात मानतातच, कारागीरसुद्धा विश्वकर्मा म्हणून ज्याला पूजतात, त्याच्याविषयी संशय तो काय घ्यायचा? मग हा खटाटोप कशासाठी? उत्तर असे की, ही न्यायचर्चा म्हणजे श्रवणानंतर येणारे मनन आहे, आणि म्हणून ती उपासनाच आहे. श्रद्धेने बुद्धीचा शोध घ्यावा या ॲन्सेल्मच्या भूमिकेशी हे इतके जवळचे आहे की तुलना करण्याचा मोह आवरत नाही. उदयनांच्या उदार यादीत चार्वाकालाही परस्पर आस्तिक करून टाकले आहे, ही त्यातली खोच मात्र विसरू नये.

फरक पडतो तो पुढे. उदयनांचा ग्रंथ पाच विप्रतिपत्तींभोवती, म्हणजे प्रतिपक्षाच्या पाच हरकतींभोवती, रचलेला आहे : परलोकाचे अलौकिक साधनच नाही, ते असले तरी ईश्वराविना चालू शकते, ईश्वराच्या अभावाचीच प्रमाणे आहेत, तो असला तरी प्रमाण मानता येत नाही, आणि त्याला सिद्ध करणारे प्रमाणच नाही. प्रसिद्ध सिद्धी, म्हणजे कार्यत्वापासून संख्याविशेषापर्यंतचे हेतू, पाचव्या स्तबकात येते. तोवर चार स्तबके चार्वाक, मीमांसक, सांख्य, बौद्ध बोलत असतात आणि त्यांना उत्तरे मिळत असतात. ॲन्सेल्मच्या मूर्खाच्या वाट्याला एकच वाक्य आहे, आणि तेही उसने. उदयनांचा प्रतिपक्षी शास्त्र शिकलेला आहे. त्याला मूर्ख म्हणून विषय संपवता येत नाही. तो खराखुरा होता, हे पुढेही दिसून आले : ज्ञानश्रीमित्र आणि रत्नकीर्ती यांच्यासारखे बौद्ध आचार्य ईश्वरसाधनाच्या खंडनाचे ग्रंथ त्याच काळाच्या आसपास लिहीत होते.

युक्तिवादाच्या स्वरूपातून ईश्वराचे स्वरूपही कसे ठरत जाते, हे येथे दिसते. पृथ्वी, अंकुर इत्यादी कार्ये आहेत, म्हणून घटाप्रमाणे त्यांना कर्ता असला पाहिजे, असे नैयायिक म्हणतो. पण आपण पाहिलेला प्रत्येक कुंभार देहधारी असतो, मग ईश्वरालाही देह हवा, असा आक्षेप येतो. उत्तर असे की, कर्तृत्वाचे लक्षण उपादानाचे साक्षात ज्ञान, करण्याची इच्छा आणि प्रयत्न एवढेच आहे. देह त्यात येत नाही. युक्तिवाद टिकवण्यासाठी ईश्वर असा घडवला जातो : जाणणारा, इच्छिणारा, प्रयत्न करणारा, पण अदेह. परमाणू आणि जीवात्मे त्याने निर्माण केलेले नाहीत. ते त्याच्याइतकेच नित्य आहेत. ॲन्सेल्मच्या देवात या कारागिराचा मागमूस नाही. तेथे आहे ती केवळ थोरवी, आणि पंधराव्या प्रकरणात तर हा देव कल्पनेच्या आवाक्याहूनही थोर ठरून स्वतःच्या सूत्रापलीकडे जातो. दोघांनी ‘ईश्वर आहे’ हेच सिद्ध केले असे म्हणणे, ही भाषेची ढिलाई आहे.

आता शेवटच्या स्तबकाच्या अखेरचे श्लोक पाहावेत. उदयन येथे थेट देवाशी बोलू लागतात. श्रुती आणि युक्ती यांच्या इतक्या प्रवाहांनी धुऊनही ज्यांच्या हृदयात तुला जागा नाही, ती हृदये लोखंडाचीच असली पाहिजेत. तरीही, हे कारुणिका, विरोध करता करता का होईना, त्यांनी तुझेच चिंतन केले आहे. योग्य काळी तू त्यांनाही तारावेस. आणि ही ओंजळ इतरांना सुगंधित करो वा न करो, ती ज्याच्या पादपीठावर वाहिली तो प्रसन्न होवो. या श्लोकांची करुणा खरी आहे, आणि ती ॲन्सेल्मच्या ग्रंथात सापडत नाही. पण चार स्तबके समोर बसून वाद करणारा बौद्ध या क्षणी ‘ते’ झाला. त्याच्याशी बोलणे संपले, आता त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलणे सुरू झाले. त्याचा नकारही चिंतनाचा एक प्रकार म्हणून पूजेत जमा करून घेतला गेला. रत्नकीर्तीला ही क्षमा हवी होती काय? त्याने मागितला होता तो हेतूतील दोषाचा परिहार.

उदयनांविषयी परंपरेने जपलेली एक आख्यायिका या संदर्भात मोलाची आहे. जगन्नाथपुरीला मंदिराचे दार बंद पाहून त्यांनी देवाला सुनावले म्हणे : ऐश्वर्याच्या मदात तू माझी उपेक्षा करतोस, पण बौद्ध चालून येतात तेव्हा तुझे अस्तित्व माझ्यावर अवलंबून असते. कथा खरी असण्याचे कारण नाही. पण परंपरेने नैयायिकाला ओळखले होते एवढे निश्चित. ज्याला सिद्ध करायचे त्याच्याशीच भांडण करता येते, कारण तो आधीच ‘तू’ आहे. आणि सिद्ध करणाऱ्याला आपल्या कामाचा किंचित गर्वही वाटतो.

द्वितीय पुरुषाची ही सवय मोडली तर काय होते, याचा एक दाखला मराठीतच आहे. तुकारामांच्या अभंगांत विठ्ठलाला शिव्या आहेत, आर्जवे आहेत, ऋणको-धनकोचे हिशेब आहेत, आणि हे सगळे बहुतांशी ‘तू’ला उद्देशून आहे. पण आपल्यापुरता देव मेला असे ते ज्या अभंगात जाहीर करतात, त्यात देव तृतीय पुरुषात गेला आहे. तेथे बोलणेच बंद करायचे आहे. नाव घ्यायचे नाही, निंदाही करायची नाही. त्या अभंगात देवाच्या अस्तित्वाविरुद्ध एकही युक्तिवाद नाही, आणि तरीही ॲन्सेल्म व उदयन ज्या जमिनीवर उभे आहेत ती तेथे पायाखालून काढून घेतलेली आहे.

ह्यूमच्या ‘नैसर्गिक धर्मविषयक संवादां’त (त्याच्या मृत्यूनंतर, १७७९ मध्ये प्रकाशित) ही जमीन आरंभापासूनच नाही. क्लिअँथीस, डेमिया आणि फायलो परस्परांशी बोलतात; देवाशी कुणीच बोलत नाही. देवाच्या अस्तित्वाबद्दल वाद नाही, वाद केवळ त्याच्या स्वरूपाबद्दल आहे, असे सभ्यपणे ठरवून ते सुरुवात करतात. अस्तित्वाची अनुभवनिरपेक्ष सिद्धी नवव्या भागात श्रद्धाळू डेमियाच्या तोंडी येते, आणि अकराव्या भागाच्या अखेरीस डेमियाच काहीतरी निमित्त काढून बैठकीतून निघून जातो. येथे ‘तू’ प्रतिपक्षाच्या वाट्याला आला आहे, आणि देव ‘तो’ झाला आहे. फायलोचे म्हणणे ऐकून घेतले जाते, त्याला उत्तर दिले जाते, त्याचे शेवटचे मत काय हे दोनशे वर्षांहून अधिक काळ वाचक ठरवू शकलेले नाहीत. ॲन्सेल्मच्या मूर्खाला जे दालन बंद होते ते फायलोला खुले झाले, आणि त्या दालनातून प्रथम बाहेर पडला तो प्रार्थना करू शकणारा माणूस.